ही एसटी नाहीये, पप्पा

गेल्या शनिवार-रविवारी आमची साताऱ्यावरून मिरजेला एक धावती फेरी झाली. निमित्त होतं आत्याच्या सत्तरीचं. आमच्याकडे अशा वेळी केकच्या आधी उपकारस्तुतीची प्रार्थना असते आणि तिला गैरहजर राहिलं तर आत्या पुढची दहा वर्षं ऐकवत राहते. तस्मात जाणं भागच होतं.

आता वीकांत म्हटला की शुक्रवारी रात्रीच प्रॉडक्शनला काहीतरी व्हायचं, हा या धंद्यातला नियमच आहे. रात्री अडीचपर्यंत कॉल चालला. पलीकडचा मॅनेजर आमची सालटी काढत होता आणि मी तोंडात साखर ठेवल्यासारखा बोलत होतो. ‘आय कम्प्लीटली अंडरस्टँड युअर कन्सर्न’ हे वाक्य मी किती वेळा म्हटलं कुणास ठाऊक. शेवटी ‘थँक यू फॉर युअर पेशन्स’ म्हणून फोन ठेवला. ज्या माणसाने तीन तास अजिबात पेशन्स दाखवला नव्हता, त्याचे आभार!

सकाळी सहाला निघालो. पप्पा पुढे, आई मागे, मी स्टिअरिंगवर. खंबाटकी घाट चढायला लागलो तर पुढे एक कंटेनर गोगलगायीसारखा चाललेला, मागे कुणीतरी हॉर्नवर हात ठेवूनच बसलेला.

‘गाडी दुसऱ्यावर घे की,’ पप्पा म्हणाले. मी काही बोललो नाही.

‘ओढत नाही बघ ती. दुसऱ्यावर घे.’

‘पप्पा, ही एसटी नाहीये. जरा गप्प बसा ना.’

आवाज चढवला नव्हता हो मी. तोच रात्रीचा कॉलवरचा आवाज होता, शांत, स्पष्ट. नुसतं वाचलं तर वाक्यही काही भयंकर नाही, गाडी खरंच एसटी नव्हती. पण पप्पांनी तीस वर्षं एसटी चालवली. या घाटातून ते लाल डबा घेऊन किती हजार वेळा चढले-उतरले असतील याचा हिशोब त्यांनाही नसेल. माझ्या इंजिनिअरिंगची चार वर्षांची फी त्या स्टिअरिंगवरून आली. आणि मी ‘एसटी’ हा शब्द ज्या सुरात उच्चारला तो सूर मलाच ऐकू आला. त्यांना तर आलाच आला.

मग मी मुकाट्याने दुसरा गिअर टाकला आणि गाडी मस्त चढायला लागली. हे आणखी वाईट झालं.

त्यानंतर पप्पा बोललेच नाहीत. रुसले वगैरे नव्हते, मी सांगितलं तसे गप्प बसले होते. टोलनाक्यावर ‘फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना’ हे ते दर वेळी विचारतात आणि मी दर वेळी वैतागतो. या वेळी नाही विचारलं.

साताऱ्यात आईला मोती चौकातून कंदी पेढे घ्यायचे होते. आत्याला दुसरं काही चालत नाही. पेढे घेऊन गाडीत बसल्यावर आई ती शांतता मोडायला म्हणाली, ‘शेवटी शेवटी टिळक इथेच राहत होते.’ आमच्या घरात नुसतं टिळक म्हटलं की ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. लोकमान्यांच्या मागे लोकमान्य लावावं लागतं. (शाळेत यावरून माझा एकदा भलताच घोळ झाला होता, पण ते असो.) टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. त्यांनी मिशनचं पगारी काम सोडलं आणि १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये ते गेले.

इतक्या मायेची कविता लिहिणारा हा माणूस घरात मात्र जमदग्नी होता. हे आपल्याला त्यांच्या शत्रूंकडून कळत नाही, लक्ष्मीबाईंकडूनच कळतं. ‘स्मृतिचित्रे’ आईच्या कपाटात होतं म्हणून मी कॉलेजात असताना वाचलं. तेव्हा त्यातल्या गमतीच लक्षात राहिल्या. पेठ नाक्याच्या दिशेने गाडी चालवताना मात्र वेगळंच डोक्यात घोळायला लागलं. नवऱ्याने धर्म बदलल्यावर या बाईने काही वर्षं ताटातूट सोसली, मग ती त्याच्याकडे आली आणि १९०० साली स्वतःही ख्रिस्ती झाली. तिने काय काय ऐकून घेतलं असेल! पण १९३४ पासून ते पुस्तक भागाभागाने छापून यायला लागलं तेव्हा टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. हिशोब चुकता करायची अख्खी संधी होती, उलट बोलायला समोर कुणी नव्हतं. तिने त्यांचा राग लपवला नाही, विक्षिप्तपणा लपवला नाही, आणि तरी पुस्तक मिटताना टिळकांचा राग येत नाही, जीवच लागतो. चांगलं बोलणं म्हणजे गोड बोलणं अशी माझी समजूत होती. लक्ष्मीबाई गोड अजिबात बोलत नाहीत. गोड तर मी आदल्या रात्री बोलत होतो, तीन तास.

पेठ नाक्याला वळून इस्लामपूर, आष्टा करत सांगलीत शिरलो. मिरजेच्या वाटेवर वानलेसवाडी लागली तेव्हा पप्पांनी खिडकीतून पाहिलं. एरवी ते इथे डॉक्टर वानलेसची गोष्ट सांगतातच. तो कॅनडातून आलेला मिशनरी डॉक्टर, मिरजेचं १८९४चं हॉस्पिटल, लांबलांबून बैलगाडीने येणारे पेशंट. मला ती पाठ आहे, पण त्या दिवशी ऐकायला आवडली असती.

आत्या त्याच हॉस्पिटलात सत्तरच्या दशकात नर्सिंग शिकली. मिरज सीमेवर असल्यामुळे निम्मे पेशंट कन्नड बोलणारे. तिने अगदी सुरुवातीला कन्नडमधली तीन वाक्यं घोकली होती: कुठं दुखतंय, घाबरू नका, झालंच आता. ‘बाकीचं औषध डॉक्टर देणारच होते,’ ती म्हणते. पुढे तिला बऱ्यापैकी कन्नड यायला लागलं, पण बाई रडायला लागली की अजूनही तीच तीन वाक्यं तोंडात येतात म्हणे. मला जावा येतं, पायथन येतं. क्लायंटशी कसं बोलावं याचं दोन दिवसांचं ट्रेनिंगही झालंय, सर्टिफिकेटसकट.

आत्याच्या नजरेतून काही सुटत नाही. जेवताना तिने एकदा पप्पांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. रात्रीच्या प्रार्थनेला मात्र शास्त्रपाठ माझ्याकडे आला. ‘याकोब, तिसरा अध्याय,’ ती म्हणाली, चेहरा अगदी साळसूद. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तो अध्याय बराचसा जिभेवर आहे. घोड्याच्या तोंडातला लगाम, जहाजाचं सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी. मी संडे स्कूलपासून तो ऐकत आलोय आणि त्या उपमांपाशीच थांबत आलोय. पण पुढे तो एक फार अडचणीची गोष्ट सांगतो. ज्या तोंडाने देवाची स्तुती करता त्याच तोंडाने त्याने घडवलेल्या माणसाला लागेल असं बोलता, हे कसं काय? एका झऱ्याला गोडं आणि खारं असं दोन्ही पाणी येतं का? माझ्या झऱ्याला येतं. गोडं हापिसात, खारं घरी. वाचताना माझा आवाज जरा अडखळला. आई ‘आमेन’ जरा मोठ्यानेच म्हणाली.

नंतर पप्पा अंगणात उभे होते. मी गेलो. पाच मिनिटं डासांवर आणि उसाच्या भावावर बोललो. मग कसंबसं म्हटलं, ‘पप्पा, सकाळी घाटात... चुकलं माझं.’

‘तिसऱ्यावर ओढत होतास, ते चुकलं,’ ते म्हणाले.

‘तसं नाही.’

‘कळलं की.’ मग थोडा वेळ काहीच नाही. आतून आत्याचं भांडी घासणं ऐकू येत होतं. ‘एसटीच होती रे. सगळं एसटीवरच झालं,’ एवढंच म्हणाले आणि आत गेले.

माफ केलं का नाही, काही समजलं नाही. एक्सेप्टेड असा काही स्टेटस येत नाही त्यांच्याकडे.

रविवारी चर्चहून परस्पर निघालो. इस्लामपूर मागे पडल्यावर मीच विचारलं, ‘पप्पा, चहाला कुठं थांबायचं?’ त्यावर आधी कराडच्या स्टँडवरचा चहा, मग १९९० च्या सुमाराची एक ब्रेक फेल झालेली गाडी, मग तिच्यातल्या कंडक्टरचं लग्न, असं सगळं सुरू झालं ते थेट साताऱ्यापर्यंत. मध्ये दोनदा ‘डावीकडे घे’ आणि एकदा ‘अंतर ठेव’ येऊन गेलं. मी घेतलं डावीकडे. तिसऱ्यांदा मात्र दात आवळावे लागले, ते पप्पांना दिसलं असावं, कारण ते गालात हसले.

टोलनाका आला. ‘फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना?’

‘आहेत पप्पा.’

‘बरं झालं,’ मागून आई म्हणाली. ‘आता बोलताच आहात दोघं, तर तो एसी कमी करा. कालपासून गारठलेय मी इथे.’