घुमी

लहानपणी आमच्या घरी पाहुणे आले, की मी थेट स्वयंपाकघरात पळायची. ‘कविता म्हणून दाखव’ असा आग्रह सुरू झाला, की पोटात गोळा यायचा. मग आई हसून म्हणायची, “आमची ही जरा घुमीच आहे!” हळूहळू मलाही वाटायला लागलं, की आपल्यात काहीतरी खोट आहे.

पुढे मी डी. एड. केलं आणि चक्क शिक्षिका झाले! आता दिवसभर वर्गात बोलते. पण शाळा सुटली, की अर्धा तास तरी कुणाशी न बोलता बसावंसं वाटतं. तेवढं बसलं, की पुन्हा हुशारी येते.

इतकं असूनही माझ्या हातून एक चूक झाली. माझ्या चौथीच्या वर्गात एक अगदी अबोल मुलगी होती. तिचं नाव सांगत नाही, तिला ते आवडायचं नाही. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला, ‘वर्गात बोलत नाही.’ घरी तिला बोलणी बसली असावीत. दुसऱ्याच दिवशी परिपाठाला ती सुविचार सांगायला उभी राहिली. ओठ हलले, पण शब्द फुटेना. मुलं हसली. ती डोळे पुसत खाली बसली. मला माझं स्वयंपाकघर आठवलं.

चार दिवसांनी गृहपाठाच्या वहीत तिची चिठ्ठी सापडली. ‘बाई, माझ्या शेजारच्याला फळ्यावरचं दिसत नाही. तो माझ्या वहीत बघून लिहितो. त्याला रागावू नका.’ मी चकित झाले. त्या मुलाला ‘लक्ष कुठे असतं रे तुझं?’ म्हणून मी कितीदा तरी ओरडले होते! त्याचे डोळे तपासले, चष्मा लागला. जे मला दिवसभर बोलून कळलं नाही, ते तिला गप्प राहून कळलं होतं.

कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञानं १९२१ मध्ये आपल्या पुस्तकात माणसांचे अंतर्मुख आणि बहिर्मुख असे दोन प्रकार मांडले. कुणाचं मन बाहेरच्या जगाकडे धावतं, कुणाचं आत वळतं. यात चांगलं-वाईट काही नाही. पुष्कळजण तर दोन्हींच्या मधलेच असतात.

मात्र अबोलपणा निराळा आणि भीती निराळी. गांधीजी १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन भारतात परतले. मुंबईच्या कोर्टात पहिल्याच खटल्यात ते उलटतपासणीला उभे राहिले, पण तोंडातून शब्दच निघेना! ते खाली बसले आणि ३० रुपये फी परत घ्यायला सांगितलं. पुढे त्यांची ती भीती बरीचशी गेली. पण लाजाळूपणामुळे शब्द जपून वापरायची सवय लागली, असं त्यांनीच आत्मचरित्रात लिहिलं आहे.

म्हणून मित्रांनो, भीती वाटत असेल तर थोडा थोडा सराव करा. आधी एका मैत्रिणीसमोर बोला, मग पाचजणांसमोर. पण एकटं बसून वाचायला, चित्रं काढायला आवडत असेल, तर खुशाल बसा. आणि जे बडबडे आहेत, त्यांनी गप्प मुलांना हसू नये बरं का!

पालकांनाही एक विनंती. मूल कमी बोलतं म्हणून चारचौघांत त्याला नाव ठेवू नका. ते शब्द फार दिवस आत राहतात. मात्र एरवी बोलणारं मूल अचानक गप्प झालं, तर जवळ बसून विचारा.

वार्षिक परीक्षेनंतर मी तिच्या प्रगतिपुस्तकात नवा शेरा लिहिला, ‘कमी बोलते, पण सगळ्यांकडे लक्ष असतं.’ तिनं तो दोनदा वाचला, माझ्याकडे पाहून हसली आणि काही न बोलता निघून गेली.