दाखल्यातली कंबर

आजारी कसे पडावे हे एक शास्त्र आहे आणि सरकारी नोकरीत ते जितके लवकर साधते तितके इतरत्र साधत नाही, असे आमच्या सरकारी शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत नेहमी म्हटले जाते. म्हणणारे सगळे सरकारी नोकरच, हे विशेष! पेरणीच्या दिवसांत कुणाला ताप येतो, लग्नसराईत कुणाचे पोट बिघडते. मी तरी कुठला सोवळा? एका कादंबरीची शेवटची तीन प्रकरणे मी विषमज्वरात लिहिली आहेत. आणि आजाराचा दाखला व बरे झाल्याचा दाखला एकाच डॉक्टरांकडून, एकाच दिवशी आणला आहे.

त्यामुळे आमच्या एका सहशिक्षकांनी कंबरदुखीसाठी तीन आठवड्यांची रजा मागितली, तेव्हा सगळे गालात हसले. मी हसलो नाही, कारण त्यांचे वर्ग माझ्या गळ्यात पडले होते. मुख्याध्यापक म्हणाले, "नुसता दाखला जोडला म्हणजे रजेचा हक्क मिळत नाही. सिव्हिल सर्जनचे दुसरे मत मागवता येते. पण आधी तुम्ही जाऊन बघून या. तुमच्या वाटेवरच घर आहे."

मी गेलो. थोड्या उत्साहानेच गेलो, हे कबूल करतो.

दार उघडेच होते. ओसरीवर ऊन आले होते आणि आमचे कंबरदुखीचे रुग्ण आपल्या म्हाताऱ्या आईला दोन्ही हातांवर उचलून त्या उन्हात आणीत होते. मला पाहून ते दचकले नाहीत. आईला खाटेवर टेकवले, पाठीशी उशी दिली, मग म्हणाले, "बसा सर. चहा टाकतो."

आईचे मांडीचे हाड मोडले होते. घरात दुसरे कोणी नाही. चहा घेता घेता त्यांनी हिशेब सांगितला. 1981 च्या रजा नियमांप्रमाणे वर्षाला 20 दिवस अर्धवेतनी रजा जमते. ती आईसाठी, म्हणजे खाजगी कारणासाठी घेतली तर हाती अर्धा पगार. तीच स्वतःच्या आजाराचा दाखला जोडून परावर्तित करून घेतली, तर खात्यातून दिवस दुप्पट जातात, पण पगार पूर्ण मिळतो. मे महिन्याची सुटी भोगणाऱ्या आम्हा मास्तरांना अर्जित रजा जवळजवळ नाहीच. आणि नैमित्तिक रजा त्यांनी इस्पितळातच संपवली होती.

"2018 पासून मुलांच्या संगोपनासाठी रजा मिळू लागली, चांगले झाले," ते म्हणाले. "म्हाताऱ्या माणसांसाठी तसा रकाना नाही. खरे लिहिले तर अर्धा पगार, सर. औषधांना पुराही पुरत नाही."

माझ्या विषमज्वरात माझे वर्ग यांनीच घेतले होते. परत आल्यावर "आता बरे वाटते ना?" असे विचारलेही होते, तेही खरोखरीच्या काळजीने.

"माझ्यापायी शाळा बुडते हो त्याची," निघताना म्हातारी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी चष्मा कपाळावर चढवला. "काय, दुखते आहे का कंबर?"

"घरात उचलण्याचे काम फार आहे," मी म्हणालो. "दुखत असणारच."

आणि त्यांच्या सातवीच्या वर्गाकडे वळलो.