हेडसेट घेताय? आधी पंधरा मिनिटं डोक्यावर ठेवून बघा!

काय दोस्तांनो, गेम खेळायला हेडसेट हवाय ना? आणि घरी विषय काढला की आई म्हणते, "काही नको, कान जातील!" आणि बाबा म्हणतात, "अरे, मोबाईलबरोबर आलेले आहेत ना ते इयरफोन?" बरोबर ओळखलं की नाही? मग आज हा लेख आई-बाबांनाही वाचायला द्या. थोडं त्यांच्या बाजूचं आहे, थोडं तुमच्या.

मला हा विषय सुचला तो माझ्या भाच्यामुळे. तो नववीत आहे, डोंबिवलीला राहतो. घर दोन खोल्यांचं. माझे मेव्हणे रात्रपाळीला जातात आणि दुपारी झोपतात. भाच्याचा जिवलग मित्र मागच्या वर्षी वडिलांची बदली झाली म्हणून नागपूरला गेला. आता दोघांची गाठ पडते ती गेममध्ये. खेळता खेळता शाळा, क्रिकेट, भांडणं, सगळं बोलून होतं. पण बोलायचं कसं? स्पीकर लावला तर बाबा उठतात, आणि कुजबुजलं तर नागपूरला ऐकू जात नाही! म्हणजे या घरात हेडसेट ही चैन नव्हती. बाबांची झोप आणि मित्राची मैत्री, दोन्ही त्याच्यावर टांगलेली होती. भाच्याने ओवाळणी आणि वाढदिवसाचे पैसे साठवून दोन हजार रुपये जमवले. "मामा, तू रेडिओ दुरुस्त करतोस ना, मग तूच चल," असं फर्मान सुटलं. गेलो.

मुंबईत असल्या वस्तू बघायच्या तर लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव डॉ. भडकमकर मार्ग असतं, पण ते विचारलंत तर अर्धे लोक गोंधळतील. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. दुकानदाराने पहिलाच खोका काढला तो चमचमणारा. वर अजगर काढलेला, कानांवर लाल-हिरवे दिवे. भाच्याचे डोळे चमकले! मी त्याला हळूच विचारलं, "हे दिवे तुला दिसणार कसे? ते तर तुझ्या कानांवर असणार!" दुकानदारसुद्धा हसला. मंडळी, दोन हजारांत दिवेही घ्यायचे आणि आवाजही घ्यायचा, तर कुठेतरी काटछाट होतेच. आणि ती दिव्यांत होत नाही, कारण दिवे दुकानात दिसतात.

आता आवाज येतो कुठून ते बघू. प्रत्येक कानाच्या वाटीत एक छोटा स्पीकर असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. एक लोहचुंबक, त्याच्याजवळ तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं आणि त्या वेटोळ्याला चिकटवलेला पातळ पडदा. तारेतून विजेचा प्रवाह बदलत गेला की वेटोळं पुढेमागे हलतं, पडदा हलतो, हवा हलते, झाला आवाज! खोक्यावर ४० मिलिमीटर, ५० मिलिमीटर असं लिहिलेलं असतं ती या ड्रायव्हरची रुंदी. पन्नासचा म्हणजे चाळीसपेक्षा चांगला, असं मुळीच नाही. तबल्याचंच बघा ना. पुडी केवढी मोठी आहे यावर तबला ठरत नाही, शाई कशी भरली आणि सुरात कसा लावला यावर ठरतो.

तसंच '२० ते २०,००० हर्ट्झ' हे वाक्य. साधारण एवढंच माणसाला ऐकू येतं, म्हणून प्रत्येक जण ते छापतो. त्यातला कुठला सूर किती जोरात वाजतो हे मात्र त्या आकड्यांवरून कळत नाही. स्वस्त हेडसेटमध्ये खर्जाचा, म्हणजे 'धुम्म'चा भाग मुद्दाम फुगवलेला असतो. दुकानात पाच मिनिटं भारी वाटतं. घरी खेळताना मात्र स्फोटाच्या घुमण्यात मागून येणाऱ्याची पावलं बुडून जातात. यावर उपाय सोपा आहे. तुम्ही शंभरदा ऐकलेलं, ढोलकी आणि बासरी दोन्ही असलेलं एखादं गाणं मोबाईलमध्ये घेऊन जा. ढोलकीखाली गाण्याचे शब्द दबतात का, बासरी टोचते का, एवढंच ऐका. पाठ असलेलं गाणं फसवत नाही.

मग दुकानदाराने हुकमाचं पान काढलं. "साहेब, हा सेव्हन पॉइंट वन आहे. चारी बाजूंनी आवाज!" हे ७.१ प्रकरण जरा समजून घ्या, कारण पैसे इथेच जास्त मागतात.

आंधळी कोशिंबीर खेळताना डोळे बांधलेले असतात, तरी टाळी कुठून आली ते कळतं ना? उजवीकडची टाळी उजव्या कानाला आधी पोचते, डाव्याला जरा उशिरा. किती उशिरा? हिशेब करा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, दोन कानांमधलं अंतर समजा २० सेंटिमीटर. भागाकार केला की येतात ०.०००६ सेकंद! एवढासा फरक आपला मेंदू ओळखतो. शिवाय बारीक, उंच सुराचे आवाज डोक्याच्या आड अडतात, म्हणून पलीकडच्या कानाला कमी ऐकू येतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली या दोन गोष्टी एकत्र मांडल्या. पुढून-मागून आणि वरून-खालून कळायला कानाच्या पाळीच्या घड्या मदत करतात. आता एक कान बोटाने घट्ट बंद करून आंधळी कोशिंबीर खेळून बघा. फजिती होते की नाही सांगा!

म्हणजे कान दोनच, आणि ड्रायव्हरही दोन पुरतात. स्वस्तातल्या ७.१ हेडसेटमध्ये एका बाजूला बहुतेक एकच ड्रायव्हर असतो, बाकीची जादू संगणकाच्या गणिताने केलेली. ते गणित सरासरी कानासाठी मांडलेलं असतं, तुमच्या कानासाठी नव्हे. कित्येक गेम्समध्ये हेडफोनसाठीची सोय आधीच असते. त्यावर आणखी एक थर चढवला की आवाज विहिरीतून आल्यासारखा होतो. साधा, चांगला स्टिरिओ घ्या. हे माझं स्पष्ट मत आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक सगळ्यात कमी बघतात ते. डोक्यावर बसतो कसा? आवाज पाच मिनिटांत कळतो, पण कान दुखायला अर्धा तास लागतो. आमच्या भाच्याला चष्मा आहे. पहिल्या हेडसेटने चष्म्याच्या काड्या कानशिलांत अशा रुतवल्या, की दहाव्या मिनिटाला तो म्हणाला, "मामा, डोकं ठणकतंय." मी म्हटलं, शाबास, हेच शोधायला आलोय आपण! चष्मेवाल्यांनी जाड, मऊ गाद्या आणि सैलसर पकड बघायची. गादी कडक असली तर काडीशेजारी फट राहते, आणि त्या फटीतून खर्जाचा आवाज पळून जातो. वाटी कानावर टेकणारी नको, कानाभोवती बसणारी हवी. कानाची पाळी आत कुठेही घासता कामा नये.

वजनाचं म्हणाल तर अडीचशे-तीनशे ग्रॅम ठीक. त्याच्या खूप वर गेलात तर मान सांगेल. पाव किलो भेंडीची पिशवी दोन तास डोक्यावर ठेवून बसलात तर कसं होईल? तसंच हे. पण वजनापेक्षाही ते वाटलं कसं जातं ते बघा. वरची पट्टी रुंद आणि मऊ असेल तर तीनशे ग्रॅमही कळत नाहीत, बारीक असेल तर दोनशेही टोचतात.

गादीचं कापड? चामड्यासारखं दिसणारं रेक्झिन बाहेरचा आवाज चांगला अडवतं, पण मे महिन्यात कानांना घामाच्या धारा! शिवाय आपल्या दमट हवेत वर्ष-दोन वर्षांत त्याचे काळे पापुद्रे सुटतात आणि कानांमागे चिकटतात. कापडी गादी हवेशीर असते, पण थोडा आवाज आतबाहेर जातो. आम्ही कापडीच घेतली. गाद्या काढता-घालता येतात का, हेही दुकानात करून बघा. धुता येतात, आणि फाटल्या तर शे-दोनशेत नव्या मिळतात.

पाठीमागून जाळीदार, उघडे हेडफोनही असतात. आवाज फार मोकळा, कान गारेगार. पण आवाज खोलीभर ऐकू जातो! रात्रपाळी करून झोपलेल्या बाबांच्या घरात ते बाद.

बंद हेडसेटची एक गंमत मात्र आधीच सांगून ठेवतो. कान झाकले की आपलाच आवाज आपल्याला कमी ऐकू येतो, म्हणून माणूस नकळत ओरडून बोलतो. म्हणजे बाबा पुन्हा उठले! काही हेडसेटमध्ये माईकचा आवाज थोडासा आपल्याच कानात सोडायची सोय असते. नसेल तर बोलताना एक वाटी कानामागे सरकवा. माईक तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्याजवळ दोन बोटं अंतरावर ठेवा, नाहीतर समोरच्याला नुसतं 'फू फू' ऐकू येतं. दुकानातला पंखा चालू असतानाच दोन वाक्यं रेकॉर्ड करून ऐका. आणि माईक बंद करायचं बटण वायरवर हाताशी हवं, कारण कुकरची शिट्टी सांगून होत नाही.

वायर की बिनवायर? दोन हजारांत वायर. साध्या ब्लूटूथवर आवाज एक-दोन दशांश सेकंद मागे राहू शकतो. मैदानात साठ-सत्तर मीटरवर बसून मॅच बघताना बॅट आधी फिरते आणि 'टक्' मागून येतो, अगदी तसं. गाण्याला चालतं, गेमला नाही. शिवाय बऱ्याच ब्लूटूथ हेडसेटमध्ये माईक सुरू केला की आवाजाचा दर्जा टेलिफोनसारखा होतो. वेगळ्या यूएसबी खुंटीचे बिनवायर हेडसेट वेगवान असतात, पण त्यांची किंमत वेगळीच.

घरी जाऊन पिनही बघा. पिनेवर तीन काळी वर्तुळं असतील तर माईक आणि आवाज एकाच पिनेत. जुन्या कॉम्प्युटरला हिरवं आणि गुलाबी अशी दोन भोकं असतात, त्यासाठी दोन शेपट्यांचा जोड मिळतो.

आता कानांची गोष्ट. माझे वडील, म्हणजे भाच्याचे आजोबा, १९८२ च्या संपापर्यंत परळच्या गिरणीत साचेखात्यात होते. शेकडो माग एकदम चालत. शंभर डेसिबलच्या आसपासचा तो आवाज, आठ-आठ तास. तिथे माणसं खाणाखुणांनीच बोलत. आज आजोबांना पंख्याची घरघर ऐकू येते, पण दाराची घंटा नाही. "साखर द्या" म्हटलं की भाकरीचा डबा पुढे येतो. सगळे हसतात, तेही हसतात. पण 'स' हा उंच सुराचा आवाज आहे, आणि मोठ्या आवाजाने आधी तेच सूर जातात. कानाच्या आत जन्मतः सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी मर्यादा दिली आहे ती आठवड्याला ४० तास, ७५ डेसिबलपर्यंत. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. म्हणजे ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला पाचच! म्हणून तर ती गादी नीट बसायला हवी. बाहेरचा गोंगाट आत आला नाही, की आवाज वाढवावा लागत नाही. गेमच्या सेटिंगमध्ये संगीत कमी करा. 'नाईट मोड' असेल तर तो लावा, त्यात स्फोट खाली येतात आणि पावलं वर. भाच्याने तो लावला तेव्हा म्हणाला, "मामा, हे आधी का नाही सांगितलंस?"

चौथा हेडसेट डोक्यावर घालून तो दुकानात पंधरा मिनिटं उभा राहिला. दुकानदाराने तोवर दोन गिऱ्हाइकं उरकली. चष्मा रुतला नाही, गाण्यातले शब्द कळले, माईकवर पंखा जरा आला पण चाललं. काळा, साधा, वायरवाला. हेडसेटचे १,६५० रुपये, दोन शेपट्यांच्या जोडाचे १२०. उरले २३०, त्यातले साठ स्टेशनबाहेर वडापावला गेले.

आणि हो, बिल! हल्लीची बिलं ज्या कागदावर छापतात त्यावरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात, आणि वॉरंटी असते वर्षाची. दुकानातच फोटो काढून ठेवा. भाच्याने बिलाचा काढला, मग हेडसेटचाही काढला आणि गाडीत बसल्या बसल्या नागपूरला पाठवला. मित्राचं उत्तर दादर यायच्या आत आलं.

"भारी! पण लाईट कुठंय?"