सिन्नरला काय आहे बघायला?

आमच्या थोरल्या वन्सं ठाण्याहून शिर्डीला निघाल्या की वाटेत आमच्याकडे चहाला थांबतात आणि दरवेळी विचारतात, "वहिनी, तुमच्या सिन्नरला बघण्यासारखं काय आहे हो?" मीही वीस वर्षं एकच उत्तर देत आले, "काही नाही हो वन्सं, ऊन व्हायच्या आत निघा." विड्यांचं गाव आमचं! मुंबईकडच्या माणसांना ते दाखवायचं म्हणजे उगाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

यंदा मात्र त्या मुक्कामालाच आल्या. मग काय, सासूबाईंनाही बरोबर घेतलं आणि सकाळीच गोंदेश्वर गाठलं. तुम्ही जाल तेव्हा दहाच्या आत जा, मागाहून फरशी तापते आणि अनवाणी पायांना चटके बसतात. देवगिरीच्या यादवांची राजधानी आधी सिन्नरला होती, त्या काळातलं हे काळ्या दगडाचं देऊळ. मधे महादेव, चार कोपऱ्यांना गणपती, पार्वती, सूर्य आणि विष्णू, समोर नंदी, खाली जोत्याला हत्तींची रांग. सासूबाई इथे यायच्या त्या महाशिवरात्रीच्या गर्दीत. हत्ती त्यांनी या वेळी पहिल्यांदा नीट पाहिले! ऐश्वर्येश्वराचं देऊळ त्याहून लहान, पण तिथलं मकरतोरण चुकवू नका.

मग पोटोबा. हमरस्त्यावर "शुद्ध शाकाहारी"च्या पाट्यांना तोटा नाही, शिर्डीची वाट ना! पण एस.टी. थांबते तिथे चांगलं मिळतं, हा समज सोडून द्या. गाडी थांबते ती थांबा ठरलेला असतो म्हणून. गावातली माणसं मुलंबाळं घेऊन जिथे बसली असतील, तिथे शिरावं. मिसळ मागवली. आमच्याकडची काळ्या मसाल्याची, सोबत पापड आणि दही. तिखट सोसत नसेल तर रस्सा वेगळा आणायला सांगायचा. त्या दिवशी संकष्टी होती. साबुदाणा वडा फळ्यावर लिहिलेला होता, पण मी विचारलं, "तेल वेगळं आहे का?" पोऱ्या नुसता हसला. कढई भज्यांचीच! सासूबाईंनी पिशवीतून केळं आणि शेंगदाणे काढले.

दुपारी गारगोटी संग्रहालय. ते मालेगावच्या औद्योगिक वसाहतीत आहे. हे मालेगाव सिन्नरजवळचं हं, नाहीतर नाशिकपलीकडच्या मालेगावला पोचाल! के. सी. पांडे यांनी जमवलेले हे दगड 2001 पासून लोकांना बघायला मिळतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून आपला काळा कातळ झाला. आंबोळीला जाळी पडते ना, तशा वायूच्या पोकळ्या त्यात राहिल्या. त्यात क्षारांचं पाणी झिरपून हळूहळू स्फटिक धरले. स्टिल्बाइट गुलाबी पंख्यासारखा, अपोफिलाइट हिरव्या खडीसाखरेसारखा, स्कोलेसाइट म्हणजे सुयांचा जुडगा. ओकेनाइट तर पिंजलेल्या कापसाचे गोळेच! पुण्याजवळच्या वाघोलीचा निळाशार कॅव्हन्साइट पाहून वन्सं म्हणाल्या, "अगदी माझ्या पैठणीचा रंग!" विहिरी खणताना, खाणी फोडताना हेच निघतं आणि आपण फेकून देतो.

सासूबाई एका काचेपुढून हलेनात. "आमच्या विहिरीत हेच निघालं होतं. मामंजींनी गाडीभर बांधावर टाकलं. एक मी आणलेला तुळशीपाशी."

मी गप्प. तो दगड मला ठाऊक होता. गेल्या दिवाळीआधी वृंदावनाला टाइल्स बसवल्या, तेव्हा गवंड्यानं विचारलं, "वहिनी, ही गारगोटी ठेवायची का?" मीच म्हटलं, "टाक रे राड्यात." ते कातरताना जवळ बसून विड्या वळणाऱ्या ह्या बाईनं, माझ्या सासूनं, विहिरीपासून घरापर्यंत पदरात बांधून आणलेला दगड! त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत, तेच जास्त लागलं.

वन्सं शिर्डीला गेल्या. दुसऱ्या दिवशी मी परसातला राडा उपसला. तीन विटा आणि एक फुटकी बशी निघाली. आता पेरणीआधी आम्ही दोघी शेतावर जाणार आहोत. विहीर बुजली, पण सासूबाई म्हणतात, बांध तोच आहे.