आकडा लिहिण्याआधी

चळवळीतली मुलं-मुली मला नेहमी विचारतात, "ताई, विकास मानसशास्त्रज्ञ म्हणजे दिवसभर करता तरी काय?" उत्तर म्हणून एक दिवस सांगते.

सकाळी नऊला सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत बसते. पहिलं मूल दोन वर्षांचं, अजून बोलत नाही. हाक मारल्यावर वळतं का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतं का, ते पाहिलं आणि आधी कान तपासायला पाठवलं.

अकराला आठ वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला. हातात शाळेची चिठ्ठी: "मुलगा मंद आहे, तपासणी करावी." तो खुर्चीजवळ उभाच राहिला. "बस रे बाळा" म्हटलं, तर आईकडे बघू लागला. आई म्हणाली, "मॅडम, वर्गात त्याला मागं खाली बसवतात."

चाचणी सुरू केली. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "माहीत नाही." शून्य लिहीत गेले असते, तर बारापर्यंत आकडा सत्तरच्या खाली आला असता आणि चिठ्ठी खरी ठरली असती. मी पेटी मिटली. आई भाजी विकते, हे कळल्यावर त्याला विचारलं, "वांगी ऐंशी रुपये किलो. अर्धा किलो घेतली, पन्नासची नोट दिली. परत किती?" तो लगेच म्हणाला, "दहा." आणि पहिल्यांदा हसला.

मग आईशी तासभर बोलले. बौद्धिक अक्षमता नुसत्या गुणांवर ठरत नाही, रोजचं वागणंही तपासावं लागतं. त्यासाठीची व्हाइनलँड मापनपट्टी आपल्याकडच्या मुलांसाठी बेतली ती नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी. हा मुलगा बहिणीला अंगणवाडीत सोडतो, पाणी भरतो, गाड्यावर सुट्टे पैसे सांभाळतो. अडतं ते फक्त वाचनात.

बिने यांनी 1905 मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी केली, ती कोणत्या मुलाला जादा मदत हवी ते ओळखण्यासाठी. मूल बाजूला काढण्यासाठी नव्हे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात जाहीर केली नव्हती, तेव्हा दलित मुलं सवर्ण मुलांच्या बरोबरीने होती. सर्वांसमोर जात पुकारली आणि त्यांची कामगिरी घसरली. मुलं तीच, डोकी तीच. बदललं ते फक्त भोवतालचं वातावरण. मग गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी सांगावं, आकडा नेमका कशाचा?

पण चाचण्या फेकून द्या, असं मी म्हणत नाही. त्याच दुपारी एका मुलीला अक्षमतेच्या प्रमाणपत्राची खरोखर गरज होती. तो तिचा हक्क आहे आणि तो मिळण्याची वाट चाचणीतूनच जाते. चाचणी घेणाऱ्याने समोरचं मूल कुठून आलंय ते पाहिलं पाहिजे, एवढंच.

चार वाजता अहवाल लिहायला घेतला. "दुसऱ्या बैठकीत चाचणी पूर्ण करायची आहे. आजच्या तपासणीवरून मुलाला मंद म्हणता येत नाही. डोळे-कान तपासावेत. वाचनासाठी स्वतंत्र मदत द्यावी. वर्गात पुढे, बाकावर बसवावे." शेवटच्या ओळीला वैद्यकीय आधार काय, असं सहकाऱ्याने विचारलं. तो आधार मी तुम्हाला वर सांगितला आहे.

मित्रांनो, वस्तीतल्या कुणाच्या हातात अशी चिठ्ठी पडली, तर त्या आईबरोबर जा. नुसता आकडा घेऊन परतू नका, पूर्ण अहवाल मागा. आणि बारावीनंतर काय करू, असं विचारणाऱ्यांनो, या क्षेत्रात या. टेबलाच्या या बाजूलाही आपली माणसं हवीत.

जय भीम.