भिजलेली वही

26 जुलै 2005 ला दिव्यात आमच्या तळमजल्याच्या खोलीत पाणी शिरलं, तेव्हा हाताला लागलं ते उचललं. पिठाचा डबा, शेगडी, रेशनकार्ड. पलंगाखालची पत्र्याची पेटी तशीच राहिली. सांताक्रूझला त्या दिवशी 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आमच्याकडे पाणी दाराच्या कडीला लागलं.

पेटीत आईच्या वह्या होत्या आणि माझी एक. आई लिखित जप करायची. दुपारची भांडी आवरली की शंभर पानी वही उघडून राम, राम, राम. माझ्या वहीत बाबा होते. 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि त्यांनी हट्टाने दिव्यात खोली घेतली. फाटकाशी उभं राहिलं की पनवेलकडे वळणारा रूळ दिसतो, तोच पुढे कुडाळला जातो, एवढं त्यांना पुरेसं होतं. 2003 च्या डिसेंबरात ठाण्याच्या एका रुग्णालयात ते गेले. नंतर मला लिहिल्याशिवाय झोप लागेना. का लिहिते, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, ते विसरले जाऊ नयेत म्हणून.

पाणी ओसरल्यावर पेटी उघडली. पानं एकमेकांना चिकटलेली, शाईचा निळा चिखल. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या, तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. म्हणून आईवरच राग काढला, तुझ्या रामाने स्वतःचं नावसुद्धा वाचवलं नाही. आईने नवी वही आणली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. आधीचे किती झाले होते, म्हणून मी विचारलं.

‘‘आकडो तेका म्हायत आसा.’’

मला तसं जमेना. मुंब्र्याला गाडीतून डोंगरावरची देवी दिसली की डब्यातल्या बायका हात जोडतात. मी जोडणं सोडून दिलं होतं. पण लिहिणं सुटेना. दिवा ते ठाणे धीम्या गाडीने, खिडकी मिळालीच तर, मी बाबांबद्दल पुन्हा लिहायला घेतलं. पहिल्या वहीतलं जवळजवळ पाठ होतं. शेवटच्या दिवसापाशी आले आणि पेन अडलं. तिथे मी लिहिलं होतं, त्यांचा हात माझ्या हातात होता.

तो नव्हता. त्यांची घरघर मला ऐकवेना, म्हणून मी खाली चहाच्या टपरीवर गेले होते. ‘‘जरा थांब’’ असं ते म्हणाले होते, तरी मी गेले. वर आले तेव्हा आई त्यांचे डोळे मिटत होती. दीड वर्ष मी ते वाक्य इतक्या वेळा वाचलं होतं की मलाच ते खरं वाटू लागलं होतं. वही कोरडी राहिली असती तर आयुष्यभर वाटत राहिलं असतं. माणूस स्वतःला ओळखतो म्हणतात. मी माझ्याच अक्षरातली एक चांगली मुलगी ओळखत होते.

त्याच पावसाळ्यात संत बहिणाबाईंचं आत्मनिवेदन वाचलं. 1628 ला जन्मलेली ही बाई तुकोबांना गुरू मानते म्हणून नवरा मारतो, आणि ती ते अभंगात सांगते. जीव द्यावासा वाटला, तेही सांगते. देवापुढे बोलायचं तर लपवून काय उपयोग, असा तिचा सूर मला लागला. माझा देव नक्की कुठे उरला होता मला ठाऊक नव्हतं, पण कोणीतरी वाचतं आहे, ज्याच्यापुढे हे चालणार नाही, असं लिहिताना जाणवायचं. श्रद्धा म्हणून माझ्यापाशी आजही एवढंच आहे.

टपरीची गोष्ट लिहून झाली. एका दुपारी आईला वाचून दाखवली. ती जप लिहीत होती. जपाच्या मध्येच तिने पेन खाली ठेवलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बराच वेळ ती माझ्याकडे बघत राहिली.

‘‘चाय तरी घेतलंस?’’ तिने विचारलं.

मला आठवेना.