हँपशायरचीं लिहितीं घरें

इंग्लंडांतील साहित्यतीर्थें म्हटलीं कीं सुशिक्षित वाचकांच्या डोळ्यांपुढें शेक्सपिअरचें स्ट्रॅटफर्ड किंवा वर्ड्स्वर्थचा सरोवरप्रांत उभा राहतो. लंडनच्या नैर्ऋत्येस समुद्रापर्यंत पसरलेल्या हँपशायर परगण्याकडे त्या मानानें थोड्यांचीच पावलें वळतात. आम्हांस मात्र या परगण्याचें विशेष अगत्य वाटतें. येथें पाहावयाचीं तीं चारचौघांचीं राहतीं घरें. आणि लेखक घडतो तो केवळ स्वतःच्या प्रतिभेनें, कीं घरच्या माणसांच्या आधारानें, हा प्रश्न त्या घरांच्या उंबरठ्यावरच मनांत उभा राहतो. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्यासारख्यांस तर तो टाळतांच येत नाहीं.

लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून निघालेली आगगाडी सुमारें सव्वा तासांत ऑल्टन या गांवीं पोंचते. तेथून चार-पांच मैलांवर, खडूच्या टेकडीच्या पायथ्याशीं, सेलबोर्न हें खेडें वसलें आहे. गिल्बर्ट व्हाइट हे धर्मोपदेशक १७२० सालीं येथें जन्मले आणि १७९३ सालीं येथेंच वारले. पक्षी, किडे, पाऊस, पिकें, जें जें दिसेल तें ते टिपून ठेवीत. एकसारख्या दिसणाऱ्या तीन लहान पक्ष्यांच्या जाती निराळ्या आहेत, हें त्यांनीं केवळ स्वरांवरून ओळखलें. आत्याकडून वारशानें आलेल्या टिमथी नांवाच्या कासवाची दिनचर्याहि त्यांनीं सोडली नाहीं. नांव पुरुषाचें असलें तरी तें कासव मादी होतें, असें मागाहून आढळून आलें! या टिपणांतून व पत्रांतून १७८९ सालीं सेलबोर्नच्या निसर्गाचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध झाला. व्हाइट यांनीं लग्न केलें नाहीं. पण भावंडांचा गोतावळा मोठा होता. टेकडीवर चढणारी नागमोडी वाट त्यांनीं १७५३ सालीं एका भावाच्या साह्यानें तयार केली. तोच भाऊ पुढें जिब्राल्टरहून तिकडच्या पशुपक्ष्यांची माहिती कळवीत असे. आणि ग्रंथ प्रसिद्ध केला तो लंडनांत पुस्तकांचा व्यापार करणाऱ्या दुसऱ्या भावानें.

सेलबोर्नहून परततांना, ऑल्टनच्या अलीकडे मैलभर, चॉटन लागतें. येथील विटांच्या घरांत जेन ऑस्टिनबाई राहिल्या. त्यांचा जन्म १७७५ सालीं याच परगण्यांतील स्टीव्हन्टन येथें एका पाद्र्याच्या घरीं झाला. पंचविशीच्या आंतच त्यांनीं तीन कादंबऱ्यांचे खर्डे लिहून काढले होते. परंतु १८०१ सालीं वडिलांनीं बाथ शहरीं बिऱ्हाड हलविलें. १८०५ सालीं ते वारले, आणि आई व दोन अविवाहित मुली यांचा भार भावांवर येऊन पडला. बाथनंतर साउदॅम्प्टन येथें नौदलांतील भावाचें बिऱ्हाड, अशीं आठ वर्षें अस्थिरतेंत गेलीं. या अवधींत हातीं घेतलेली एक कादंबरी अर्धवट राहिली. दुसरी दहा पौंडांस विकली गेली, पण ती प्रकाशकानें छापलीच नाहीं.

एडवर्ड नांवाचा त्यांचा एक भाऊ नाइट या निपुत्रिक नातलगांस दत्तक गेला होता. दत्तकाची चाल आपल्याकडचीच, असें समजणाऱ्यांनीं ही हकीकत अवश्य लक्षांत ठेवावी. दत्तक घराण्याच्या इस्टेटींतील चॉटनचें घर त्यानें १८०९ सालीं आई-बहिणींस राहावयास दिलें, आणि अडलेली लेखणी चालूं लागली. १८११ पासून १८१५ पर्यंत चार कादंबऱ्या बाहेर पडल्या. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही १८१३ सालची. पुस्तकावर लेखिकेचें नांव मात्र नसे.

या घरांत बायका चार: आई, थोरली बहीण कॅसान्ड्रा, मैत्रीण मार्था लॉइड आणि जेनबाई. सकाळची न्याहारी व चहा-साखरेची कोठी एवढेंच जेनबाईंकडे असे. बाकीचा प्रपंच कॅसान्ड्रा व मार्था यांनीं उचलला होता. बैठकीच्या खोलीचें दार करकरत असे. पण कोणी आल्याची वर्दी मिळून कागद झांकतां यावेत म्हणून जेनबाई तें दुरुस्त करूं देत नसत, असें त्यांच्या पुतण्यानें चरित्रांत नमूद केलें आहे. १९४९ सालापासून हें घर संग्रहालय म्हणून खुलें आहे. ज्यावर त्या लिहीत, तें बारा कोनांचें टेबल पूजेच्या चौरंगाएवढेंच आहे. आमची दृष्टि त्या टेबलावरून वारंवार स्वयंपाकघराकडे वळत होती. जेनबाई लिहीत असतां तिकडची व्यवस्था कोणी पाहिली, हें त्यांच्या कोणत्याहि पुस्तकावर छापलेलें नाहीं.

परगण्याच्या दक्षिण टोकास पोर्टस्मथ बंदर आहे. १८१२ सालीं येथें चार्ल्स डिकन्स जन्मले. त्यांचे वडील आरमाराच्या पगारखात्यांत कारकून होते. लगतच्या साउथसी भागांत कॉनन डॉइल १८८२ ते १८९० पर्यंत दवाखाना चालवीत. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी त्यांनीं येथेंच लिहिली आणि अवघ्या पंचवीस पौंडांस हक्कांसह विकली.

याच साउथसींतील एका घराचा संबंध आपल्या मुंबईशीं पोंचतो. रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म १८६५ सालीं मुंबईस झाला. त्यांचे वडील तेथील जे. जे. कलाशाळेंत शिक्षक होते. हिंदुस्थानांतील इंग्रजांच्या रिवाजाप्रमाणें १८७१ सालीं आईबापांनीं त्यांना व धाकट्या बहिणीला साउथसीस परक्या घरीं पैसे देऊन ठेविलें आणि तीं मुंबईस परतलीं. तेथें सहा वर्षें त्या मुलानें मार व अपमान सोसला. छळ चुकविण्यासाठीं खोटें बोलावें लागे, त्यांतच आपल्या साहित्याचा पाया असावा, असें किपलिंग यांनीं आत्मचरित्रांत म्हटलें आहे. तेव्हां निर्दय घरहि लेखक घडवितें, असा निष्कर्ष कोणी काढील. पण त्याच आत्मचरित्रांत दर डिसेंबरांत लंडनला मावशीच्या घरीं मिळणाऱ्या सुखाच्या महिन्याचीहि कथा आहे. त्या घराच्या दारावरील घंटेची ओढणी किपलिंग यांनीं पुढें मागून आणून आपल्या दाराशीं लावली. ती ओढतांना इतर मुलांसहि तोच आनंद व्हावा, ही त्यांची इच्छा होती. लेखणी कोणत्याहि घरांत जन्मूं शकेल. माणूस आठवणीनें परत जातो तो मायेच्या घराकडेच.

यात्रेचा शेवट विंचेस्टर येथें करावा. १८१७ च्या मे महिन्यांत आजारी जेनबाईंस उपचारासाठीं या शहरीं आणलें आणि १८ जुलै रोजीं, वयाच्या ४१ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. कॅसान्ड्रा शेवटपर्यंत उशाशीं होती. स्त्रियांनीं प्रेतयात्रेस जाण्याचा प्रघात नसल्यामुळें ती मिरवणूक रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिनें खिडकींतून पाहिली. तेथील कॅथीड्रलांत जेनबाईंच्या समाधिशिळेवर त्यांच्या स्वभावाची, धर्मनिष्ठेची आणि बुद्धीचीहि स्तुति आहे. पुस्तकांचा मात्र शब्दानेंहि उल्लेख नाहीं. त्यांच्या लेखनाचा निर्देश करणारा पितळी फलक तेथें बसला तो १८७२ सालीं, पंचावन्न वर्षांनीं.

ज्या घरानें लिहावयास जागा व उसंत दिली, त्याच घरास त्या लेखनाचें मोल दगडावर कोरावेंसें वाटलें नाहीं, याचें आम्हांस वाईट वाटलें. नवल वाटलें नाहीं. आपल्याहि घरांत एखाद्या बहिणीची किंवा भावजयीची वही कपाटांत पडलेली असते. तिला दुपारचा एक तास मोकळा मिळतो कीं नाहीं, आणि ती वही आपण कधीं मागून वाचली कीं नाहीं, एवढें वाचकांनीं आज आपल्या घरीं पाहावें.